चालू स्थितीत

आचारसंहिता लागली की आमच्या दुकानात वर्दळ वाढते.
बोराबाजारच्या मागची बोळ,
एक झेरॉक्सवाला, समोर रबरी शिक्के बनवणारा,
एरवी इथे कुणाला कुणाची गरज नसते.
आता शेठलोक येतात, रुमालात गुंडाळून, टिफिनच्या पिशवीत,
एकाने तर बर्फीच्या खोक्यात आणलं.
परवाना दाखवतात, जमा करतात, पावती घेतात
आणि जाताना पाठ जरा सरळ झालेली असते.

मी एकेकाचा जबडा उघडून बघतो
दातांच्या डॉक्टरसारखा.

महागातली गप्प असतात.
स्वस्तातली सगळं सांगून टाकतात.
घोडा मागे घेतला की चक्र फिरून
ठक्क करून थांबायला हवं,
घर बरोबर नळीसमोर, केसाचाही फरक नाही.
स्वस्तातलं अलीकडेच थांबतं,
पाचला दहा कमी असताना उठणाऱ्या कारकुनासारखं.
अंगठ्याने ढकलावं लागतं.
तसंच उडवलं तर शिसं काठाला घासतं,
कपच्या उडतात, धरणाऱ्याच्याच गालावर.
काडी आपोआप सैल होते, मग चक्र बाहेर येत नाही.
आणि स्प्रिंग! दिवाळीची टिकलीसुद्धा
याहून जोरात ठोकावी लागते.

हस्तीमल सिंघवींचं बत्तीस बोअरचं
अकरा वर्षांपूर्वी इथूनच गेलेलं.
होमीशेठ गल्ल्यावर होते, मी मागे कानस घेऊन.
शेठ म्हणाले, हे घ्या, निम्म्यात काम तेच.
मी मान वर केली नाही.

जमा करायच्या आधीच्या रविवारी
त्यांना रेंजवर घेऊन गेलो.
चार उडाल्या. पाचवीला नुसती टिक.

हलू नका, मी ओरडलो, नळी समोरच राहू दे.
दारू कधी कधी उशिरा पेटते.
तीस आकडे मोजायचे, नियम आहे.
सात. आठ.
त्यांच्या मनगटावरचं घड्याळ हलत होतं,
बाकी माणूस हलत नव्हता.
चौदाला ते हळूच म्हणाले,
पेडणेकर, त्या रात्री मी एकदाच ओढला होता.
कुठल्या रात्री, असं माझ्या तोंडात आलं.
मी पंधरा म्हणालो.
सोळा.
तीसपर्यंत मग कुणीच काही बोललं नाही.

काडतूस काढलं. बुडावर उथळ खळगा,
लहान मुलाच्या हनुवटीवर असतो तसा.
त्यांनी पाकिटातून पेढीच्या कागदाची पुडी काढली,
सोन्याची नथ बांधतात तशी घडी घातलेली.
आत आणखी एक काडतूस, काळवंडलेलं,
तसाच खळगा असलेलं.
दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवून
ते बराच वेळ बघत राहिले,
जसं घरच्या पेढीवर दोन नाण्यांतलं खोटं ओळखतात.

दोन दिवसांत करून देतो, मी म्हणालो,
नवी स्प्रिंग टाकतो, दात घासतो,
पुढची वीस वर्षं बघायला नको.
ते म्हणाले, राहू द्या.

निकाल लागले. गुलाल अजून गटारात होता
तेव्हा ते न्यायला आले.
पावतीवर छापलेलंच असतं,
शस्त्र चालू स्थितीत परत मिळाले.
माझं पेन त्या शब्दाशी अडलं.
आमच्या बाजारात चालू म्हणजे जे चालतं ते,
आणि चालू म्हणजे जे कसंबसं खपवलं तेही.
आपल्या भाषेने दोघांना एकाच खोक्यात ठेवलंय,
कुणाला कधी अडचण आली नाही.
त्यांनी वाचलं. सही केली, पूर्ण नावानिशी.

पायरी उतरून मागे वळले.
ही स्प्रिंग, म्हणाले, अशी मऊ किती दिवस राहते?
मी म्हणालो, ती दर वर्षी अजून मऊ होते, शेठ.
बरं, म्हणाले.

समोर कुणीतरी नवा शिक्का करून बघत होतं,
ठक्क, ठक्क,
दर वेळी बरोबर जागेवर.