तिरफळाला कोणती वाईन

पेला दांडीला धरायचा, बाई, पोटाला नाही.
हाताची ऊब लागली की ती आळसावते.
हे मला सांगतो रेजिनाल्द,
जो चौथीत ऱ्हस्व-दीर्घाच्या तासाला
बाकाखाली खेकडा सोडायचा.
अठरा वर्षं बोटीवर परक्यांना वाईन वाढून
तो दिवाडीला परतलाय.
गुडघा गेला म्हणून,
आणि इश्कोलास्टिका मावशीला कमी ऐकू येतं म्हणून.

मालारच्या बाल्कांवावर चार पेले.
दोन जोडीचे, एक कुणाच्या तरी लग्नातला उरलेला,
चौथी मुळात मोहरीच्या चटणीची बरणी.
ती त्याने स्वतःसाठी घेतली.

आधी बघायचं. मग फिरवायचं. मग नाक आत.
फेरीबोटीवरचा गुणाजी आज सुट्टीवर,
त्याने फिरवली ती थेट सदऱ्यावर.
मांडवीतला भोवरा सोपा, म्हणाला.

वास सांगा. चूक-बरोबर काही नसतं.

(चौतीस वर्षं मी
चूक आणि बरोबर एवढंच शिकवलं.)

गुणाजी बराच वेळ हुंगतो. डिझेल, म्हणतो.
मी हसणार, तोच रेजिनाल्द मान डोलावतो:
राईनकाठच्या जुन्या वाईनला रॉकेलचा वास येतो,
लोक त्याचे जास्त पैसे मोजतात.
गुणाजी खुर्चीत जरा सरळ बसतो.

मावशीला प्रश्न दोनदा विचारावा लागतो.
सांक्रिस्तीचं कपाट, ती म्हणते, मेण,
आणि पाद्रीची वाईन चाखली म्हणून
पाय्‌ची एक थप्पड.
थप्पडेला वास नसतो, मी म्हणणार होते.
म्हटलं नाही.

आणि तुम्ही, बाई?

ओली पाटी.
तोंडातून गेलं. मग वाटलं, हे काय उत्तर झालं.

पण तो खूश. याला पुस्तकात खनिज म्हणतात,
पैकीच्या पैकी.

पोई गरम आहे तोवर चोरिस आला,
त्याच्याबरोबर लाल, थोडी गोडसर,
मिरचीशी आणि व्हिनेगराशी भांडत नाही अशी.
मी पोई घेतली, चोरिसाची बशी पुढे सरकवली.
कुणी आग्रह केला नाही.
रीत रीत म्हणतात ती यातच निम्मी आली.
उरलेली निम्मी ही, की आपला पेला आपण भरायचा नाही;
शेजाऱ्याचा भरायचा आणि वाट बघायची.
गुणाजीला वाट फार बघावी लागली,
शेजारी मी होते.

मग माझा डबा उघडला. बांगडे, तिरफळ घातलेले.
रेजिनाल्दने एक घास घेतला, एक घोट घेतला,
आणि गप्प झाला.
जीभ बधिर, वाईन जशी तांब्याची तार.
पांढरी घेतली. लाल घेतली. परत पांढरी.
बत्तीस बंदरं हिंडलो, म्हणाला,
तिरफळाला वाईन नाही.

मावशीने काही न बोलता
त्याच्या लाल वाईनमध्ये बर्फाचे दोन खडे टाकले.
त्याने डोळे मिटले.
बोटीवर असतो तर नोकरी गेली असती, म्हणाला.
गेलीच आहे, ती म्हणाली. पी.
प्यायला. आणखी एक बांगडा मागितला.

नार्व्याची फेरी ओरडली तेव्हा
बाटलीत दोन बोटं उरली होती.
बूच लाव, फ्रीजमध्ये ठेव, दोन दिवस टिकेल,
तो सांगत होता, आणि मावशी
ती सावकाश व्हिनेगराच्या बुडकुल्यात ओतत होती.
तिला ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

महिन्याने कुंपणावरून एक बरणी आली.
तीच, मोहरीच्या चटणीची.
वर चिठ्ठी चिकटवलेली, रेजिनाल्दच्या अक्षरात:
कोळंबि बालचांव.

लाल पेन हाताशी होतं.
मी वेलांटी दीर्घ केली.
मग झाकण काढलं.
आधी बघितलं,
मग नाक आत.