चावी

बाबांची चावी अजून दाराआड उभी असते,
लोखंडी, माझ्या खांद्याएवढी.
निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहिली
आणि वॉर्ड ऑफिसातूनही कुणी मागितली नाही.

पहाटे चार दहाला, भांडुपच्या टेकडीखाली
झाकण सरकवून ते चावी आत सोडायचे.
सतरा फेरे. अठरावा नाही, वायसर जातो.
आधी नळ खोकायचे, मग गंजाचं पाणी,
मग पाणी.
उशीर झाला की वरून शिव्या उतरत यायच्या,
बाबांच्या नावानं नव्हे, सरकारच्या.
दुसरीत जाईपर्यंत मला वाटायचं,
अर्जुन घाडीगावकर हेच सरकारचं पूर्ण नाव.

तेव्हा माणसं हक्कानं चिडायची.
सुगंधाकाकी साहेबाच्या टेबलावर
हंडा उपडा ठेवून म्हणायची,
बघ, पडतंय का काही तुझ्या फायलींवर.
साहेब चहा मागवायचा. ती प्यायची नाही.

नव्वद साली टेकडीवरच्या एकवीस घरांनी
वाट बघणं सोडून दिलं.
घरटी दीडशे रुपये, प्लंबर कासीम,
चर बायकांनीच खणला, दोन रविवार.
पाणी आलं, पेढे वाटले.
तिसऱ्या आठवड्यात पालिका म्हणाली, बेकायदा जोडणी,
आणि पाइप कापायला बाबांनाच धाडलं.
त्या रात्री ते जेवले नाहीत.
सुगंधाकाकीनं बांगड्याचं कालवण पाठवलं,
निरोप एवढाच : डबा घासून पाठवू नका,
पाणी तुमच्याकडेही नसेल.

आता आम्ही बाविसाव्या मजल्यावर,
पुनर्विकासातलं घर, त्याच टेकडीच्या पायथ्याशी.
मी सोसायटीची खजिनदार.
आमची बोअरवेल, आमचा जनरेटर, आमचे पहारेकरी,
कचऱ्याचं खत करणारं आमचं हिरवं पिंप.
वार्षिक सभेत देवरुखकर माइक फुंकून म्हणतात,
सरकारच्या भरवशावर राहिला तो संपला, आपलं आपण बघा.
टाळ्या पडतात. मीही वाजवते, खोटं का सांगू,
मलाही रांगेत उभं राहायचं नाही पुन्हा.
फक्त हिशेब माझ्या वहीत असतो :
टँकर, गेल्या वर्षी, एकतीस लाख चाळीस हजार.
याला कुणी बेकायदा म्हणत नाही.

मे महिन्यात टँकरवाल्यांनी संप केला.
पहिल्या दिवशी विनोद.
दुसऱ्या दिवशी बोअरवेलनं चिखल ओकला.
तिसऱ्या दिवशी देवरुखकर लुंगीवरच खाली आले,
हातात रिकामा जार :
सरकार झोपलंय का? आपण कर भरत नाही?
मला एकदम सुगंधाकाकी आठवली
आणि का कोण जाणे, त्यांच्याबद्दल बरं वाटलं.

कुणीतरी बाबांना विचारलं, आजोबा, तुमची ती चावी...
बाबा ब्याऐंशीचे, कानानं अधू.
दोनदा विचारल्यावर म्हणाले,
हद्द माझी नाही आता.

चौथ्या दिवशी पहाटे ते घरात नव्हते.
चावीही नव्हती.
वॉचमननं रस्त्याच्या कडेला बोट दाखवलं :
जुनं झाकण उघडं, बाबा गुडघ्यांवर,
चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाशी.
उघडत नाहीये, म्हणाले, ऐकतोय नुसतं.
सरकून मला जागा केली.

गार लोखंड. आधी काहीच नाही.
मग खूप खोलात एक घरघर, आमच्या पायांखालून
आमच्या गेटला वळसा घालून टेकडीकडे चाललेली.
वर दोन दिवे लागले, एक हंडा वाजला,
आणि कुणीतरी बाई कचकचून ओरडली.

काय म्हणतेय, बाबांनी विचारलं.
शिव्या देतेय.
कुणाला?
सरकारला.

त्यांनी मनगट दिव्याकडे धरून घड्याळ पाहिलं.
झालाय उशीर, म्हणाले, सात मिनिटं.