मालवला की विझला

दरवर्षी जुलैच्या शेवटच्या शनिवारी
धान्याच्या कोठाराच्या पांढऱ्या भिंतीवर
आमच्या गावचा सिनेमा लावतात.
आमचा, कारण त्यातली नदी आमची,
धूळ आमची,
आणि मारामारीत जो खांब कलतो
तो अजून इरिगारायच्या मेंढवाड्यात कललेलाच आहे.
नेवाडाच्या या कोपऱ्यात दुसरं काही घडलेलं नाही.

शेवट पोराबाळांनाही पाठ.
तो घोड्यावर वाकलेला, एक हात कोटाच्या आत.
गोळी लागलीय की पत्र चाचपतोय, कळत नाही.
घोडा पाण्यात थांबतो.
पलीकडे टेकाडावर घर, खिडकीत कंदील.
घोडा पुढचा पाय उचलतो
आणि कंदील जातो.
मग काळोख. मग नावं.

'जातो' म्हणालो,
कारण सगळं भांडण तिथंच आहे.

दंतवैद्य ऑग्डेन म्हणतो, विझला.
तेल संपलं, घरात कुणी नव्हतंच,
बिचारा रिकाम्या घरापायी मेला.
डॉमिनिका बारच्या फळीवर मूठ आपटते : मालवला!
आत बाई आहे, तिनं टापा ऐकल्या,
माणूस आल्यावर उजेड कशाला जाळायचा?
रेव्हरंड हॅल्व्हर्सन म्हणतात, मालवला खरा,
पण वाट बघणं सोडून. एक मिनिट आधी.
हे ते फार हळू म्हणतात
आणि घरी जायला उठत नाहीत.

शोशोनी वस्तीवरचा म्हातारा डेलबर्ट
पोरवयात याच सिनेमात तीनदा मेला होता,
तीन वेगवेगळ्या टोप्यांत.
तो कंदिलाकडे बघतच नाही.
घोड्याचे कान बघा, म्हणतो, मागे वळलेत.
पाठीवर माणूस आहे की पोतं
हे घोड्याला आधी कळतं.
कळलं ते काय, हे मात्र सांगत नाही.

सत्याऐंशी साली यावरून हातघाई झाली.
एकाचा दात पडला.
ऑग्डेननंच बसवला, पैसे घेऊन.

माझी आई यात कधी पडली नाही.
त्या खिडकीमागे ती होती.
ग्राक्सी, वय सतरा,
इरिगारायच्या खाणावळीत भांडी घासणारी.
घर म्हणजे नुसती एक भिंत, मागून फळ्यांचे टेकू,
आणि उपड्या बादलीवर वाऱ्यात बसलेली ती.
सांगितलं होतं :
पलीकडून पांढरा रुमाल हलला की फुंकर मार.
दोन डॉलर.

लोक विचारायचे.
लग्नाआधी म्हणायची, रुमाल हलला, मी मालवला,
त्यात काय?
वडील मेंढरं घेऊन डोंगरात गेले
आणि दोन हिवाळे उतरलेच नाहीत,
तेव्हा म्हणाली, कसला रुमाल? अंधार होता.
शेवटच्या दुखण्यात, मी पाय चेपत असताना,
आपणहून :
अरे, मी ओठ पुढे नेले
तर तो आधीच गेलेला.
आणि उशीखाली काहीतरी शोधू लागली,
जणू ते दोन डॉलर परत करायचे राहून गेलेत.

शेवट तिनं एकदाही पाहिला नाही.
घोडा पाण्यात शिरला की उठायची,
घोंगडी घडी करायची,
चुलीवर बटाटे आहेत, म्हणायची, आणि चालू पडायची.
चुलीवर काही नसायचं.

यंदा तिच्या जागी खुर्ची टाकून बसलो.
कंदील सोडून भोवतालचा काळोख पाहत राहिलो.
ज्योत जायच्या जरा आधी
काचेमागे फिकट काहीतरी सरकलं.
गाल असेल.
किंवा वसंतातल्या गारांनी त्या भिंतीचा रंग
नेमका तिथंच उडालाय, ते असेल.
ऑग्डेनला बोललो नाही.

घरी आलो तर स्वयंपाकघरात दिवा.
मीच लावून गेलो होतो, तरी दारात थबकलो.
मग रात्री अकराला
बटाटे सोलायला बसलो.