चार पेनी

भिंत पाडायची होती, एवढंच काम माझं.
गाड्या लावायला जागा हवी म्हणाले,
आता त्या इमारतीत राहणाऱ्यांच्या.
तीन मजले, काळपट वीट, बंद पडलेलं घड्याळ.
हल बंदरातली म्हातारी माणसं अजून
तिच्यासमोरून जाताना फुटपाथ बदलतात.

तळापासून चौथ्या थरात एक वीट
चुन्याशिवाय बसवलेली.
हाताला लगेच कळतं:
सहज निघणारी वीट आधी कधीतरी निघालेली असते.
मागे चिंधी. चिंधीत चार पेनी,
राणीचा चेहरा झिजून बटणासारखा.

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या,
दारात झडती व्हायची.
ज्याच्याजवळ पैसा सापडला तो गरीब नाही,
त्याला आत जागा नाही.
आत जागा म्हणजे
दहा जणींच्या अंगावरून उतरलेलं पाणी आंघोळीला,
पाव, पातळ लापशी,
आणि सकाळी दोन रत्तल जुने डांबरी दोर
नखांनी उलगडायचे, तंतू तंतू होईपर्यंत.
तो काथ्या गोदीत जायचा,
फळ्यांच्या फटी बुजवायला.

बाईंनी वही उघडून दिली. तिरकं, घाईचं अक्षर.
'ड्रुसिला हेब्डन. वय चौतीस. मासळी साफ करते.
कालची रात्र : वीटभट्टीच्या आडोशाला.
जवळ काही नाही.'
नाणी तिचीच, असं मी म्हणत नाही.
त्या रात्री एकोणीस जणी होत्या.
फक्त, अठरा जणींपुढे 'गेली' लिहिलंय,
हिच्यापुढचा रकाना कोरा.

नाव वहीत राहिलं.
नाव उत्तर समुद्रात तरली,
हेरिंगच्या मागे, कोरड्या तळाची.

देणगीदारांचा संगमरवर मात्र
पुसून लख्ख करून जिन्यात लावलाय.
बावीस नावं, प्रत्येकापुढे रक्कम.
बिल्डर त्याला वारसा म्हणतो.

नाणी मी कुणाला दाखवली नाहीत.
गाड्यांच्या कडेने नवी बुटकी भिंत घातली,
चिंधी होती तशी आत ठेवली.
मुकादम पायाने ठोकत आला,
एका जागी थांबला.
अल्फी, ही वीट हलतेय.

म्हटलं, हलू दे.