अंगठ्याखाली

बाबा म्हणायचे, दगड धार लावायला असतो,
मुठीत बसवायला नव्हे.
त्यांच्या पूक्कोची मूठ भूर्जाच्या सालीची:
चौकोनी चकत्या, एकीवर एक,
पात्याच्या शेपटीत ओवून आवळलेल्या,
मग कानशीने घासत हाताच्या मापाला आणलेल्या.
उणे तीसमध्येही ती साल
हातमोजा काढलेल्या तळव्याला चावत नाही.
दगड चावतो.
शिवाय जड. शिवाय पडला की टवका.
शिवाय, लग्नात मिरवायचा चाकू
मासा साफ करत नाही.

मी मात्र दगड बसवते.
युलॅमाच्या खाणीतून येतात
स्पेक्ट्रोलाइटचे नाकारलेले तुकडे,
रंगाच्या जुन्या डब्यातून.
ओल्या डांबरासारखे काळपट.
पाण्याखाली हिऱ्याच्या चकतीवर धरून
कोन जुळला तरच आतून निळं उठतं,
मग हिरवं,
मग कडेला एखादी तांबूस रेघ.
कोन चुकला की काळा तो काळाच,
रस्त्यावर टाका, कुणी वाकून बघणार नाही.
हेलसिंकीहून येणारे लोक
चाकू उन्हात फिरवून फिरवून बघतात.
धारेला बोट लावत नाही कुणी.

नोव्हेंबरात आउने पार्सिनेन आली,
बूट न काढता दारातच उभी राहिली.
राइमोच्या डोळ्यांचं मधलं गेलंय, म्हणाली,
कडा तेवढ्या उरल्यात.
तरी बर्फावर जातो, भोक पाडून बसतो.
मागच्या आठवड्यात चाकू उलटा धरला.
सात टाके.
जाऊ नको म्हणून तो ऐकणार नाही,
तेव्हा त्याच्या हाताला कळेल असं काहीतरी कर.

खाच करून बघितली. सालीत खाच बुजते.
पितळी खिळा ठोकून बघितला,
पण पितळ पटकन ऊब घेतं,
दोन मिनिटांत हाताचंच होऊन जातं.
दगड तसा नाही.
तो आपला गारवा बराच वेळ
आपल्यापाशी राखून असतो.
बाबांनी मोजून दाखवलेल्या खोडींतली
पहिलीच माझ्या कामाची निघाली.

वाटाण्याएवढा घेतला.
पात्याच्या पाठीच्या बाजूला,
अंगठा आपोआप पडतो तिथे,
सालीत घर कोरून बसवला.
गार लागलं म्हणजे धार खाली.
एवढंच काम त्याचं.

आणि तरी दोन संध्याकाळी
मी त्याचा कोन शोधत बसले.
दिवा जवळ, दिवा लांब,
बोटं पाण्याने सुरकुतलेली,
एक तुकडा हातातच फुटला, दुसरा घेतला.
ज्याला दिसणार नाही त्याच्यासाठी.
काळाच ठेवला असता
तरी तितकाच गार लागला असता.
का बसले, ते मला अजून सांगता येत नाही.
मजुरीत तो वेळ धरला नाही.

चाकू न्यायला राइमो स्वतः आला.
म्यानातून काढला, मुठीत धरला,
अंगठा गेला बरोबर जागेवर.
‘हं,’ म्हणाला.
मग, ‘युलॅमाचा?’
‘हो.’
‘म्हणजे निळा असणार.’
खिडकीत गेला.
दुपारचे दोन, उजेड संपत आलेला.
चाकू डोळ्यांसमोर नाही धरला त्याने,
कानाजवळ धरला, थोडा मागे,
आणि मान वळवून
दाराच्या कडीकडे बघत राहिला,
डोळ्याच्या उरलेल्या कडेने
चाकूची मूठ सावकाश कलती करत.

मी फडक्याने हात पुसत होते, थांबले.

‘गेला,’ म्हणाला.
जरा वेळाने, ‘आला.’
आणखी एकदा, ‘गेला.’

मग म्यानात घातला, टोपी ओढली.
‘जड झालाय,’ म्हणाला,
‘पैसे आउने देईल.’