भाग जात नाही

हलमध्ये, हेसल रोडच्या मागच्या वृद्धाश्रमात
माझी रात्रपाळी. खोली नऊ : विनिफ्रेड ऑक्स्टबी,
वय एक्क्याण्णव.
मासळीच्या गोदीवर, कचेरीत तेहतीस वर्षं
कॉडच्या पेट्या कॉम्प्टोमीटरवर मांडल्या तिनं.
बोटं अजून चादरीवर आकडे दाबतात.

ऑक्टोबरात जेवणाच्या यादीच्या पाठीवर
तिनं अकरा वेळा एक लिहिला, चिकटून चिकटून.
‘तुझ्या भाषेत वाच.’
वाचला :
अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लक्ष
अकरा हजार एकशे अकरा.
‘पाचदा तोच शब्द! मग त्यानं भाग जायलाच हवा.’
नाही जात.
एक मिळवा, पुढचा वजा करा, असं टोकापर्यंत गेलं
की एक उरतोच,
बसमध्ये राहिलेल्या छत्रीसारखा.

‘पण अकरा पिच्छा सोडत नाही,’ ती म्हणाली.
हा ज्या मूळ संख्येनं फुटेल
ती बावीसच्या पटीहून एकानं मोठी असणार.
एवढंच ठाऊक.
बाकी पेन्सिल.

बावीसचा पाढा माझ्याकडे होता,
कराडच्या शाळेत हात मागे बांधून पाठ केलेला,
इतकी वर्षं कुणी मागितलाच नव्हता.
बावीस एके बावीस : तेवीस. दहा उरले.
बावीस दुणे चव्वेचाळीस : पंचेचाळीस, ही मूळ नव्हे, सोड.
बावीस त्रिक सहासष्ट : सदुसष्ट. अठरा उरले.
रोज एकच भागाकार, गोळ्या घेऊन झाल्यावर.
‘जात नाही,’ ती म्हणायची.
‘नाही जात,’ मी म्हणायचे,
आणि दिवा मालवायचे.

खरं सांगते, नोव्हेंबरातच पाहिलं होतं मी.
चहाच्या सुट्टीत, फोनवर, पापणी लवायच्या आत :
एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास
गुणिले पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस.
मग बसून मोजलं. अडीचशेच्या आसपास रात्री.
म्हणजे जून.
बोलले नाही.
हिवाळाभर ‘नाही जात’ म्हणताना
एप्रनच्या खिशात चोरलेलं बिस्कीट असल्यासारखं वाटे.

आणि जूनमध्ये, नेमक्या त्या रात्री, माझी सुट्टी.
डॅरन होता. ‘वा, छान,’ म्हणाला
आणि कप उचलून गेला.
दुसऱ्या दिवशी कागद पाहिला मी.
बाकी शून्य. खाली दोन रेघा,
दुसरी इतकी दाबून की कागद फाटलेला.

ती मात्र फुरंगटून बसलेली.
लगेच तेरा एकांचा घेतला होता म्हणे,
तो पहिल्याच घावाला फुटला, त्रेपन्नने.
‘असल्या आकड्यात काय राम आहे?
आता सतरा.’

बाहेर येऊन फोन काढला.
सतरा एकांचा सर्वांत लहान भाजक वीस लाखांच्या पलीकडे.
रोज एक, तर सव्वीस वर्षं.

फोन पालथा ठेवला. पेन्सिलीला टोक केलं.
चौतीस त्रिक एकशेदोन, मी म्हणाले.
‘एकशेतीन,’ ती म्हणाली. ‘हं. उशी जरा वर घे.’