खोल जायचं नाही

मंगळवारी सकाळी पावणेनऊला इथे अंधारच असतो.
उघड्या तलावावर वाफ, वाफेत दिवे,
दिव्यांवरून तिरका उतरणारा बर्फ
पाण्याला टेकायच्या आत नाहीसा होतो.
अंग उबेत, केसांवर मात्र पांढरी खर:
आमच्या फ्योर्डमधली मुलं अशीच पोहायला शिकतात,
मीही अशीच शिकले,
आणि आता तेवीस वर्षं शिकवते आहे.

एयदीस सगळ्यांत मागे उभी राहते.
पाच वर्षांची. कपाळावरून कानांवर ताणलेली जांभळी पट्टी,
पट्टीखाली निळे बोळे,
बोळ्यांच्याही आत, पडद्यात,
मोहरीएवढी एकेक नळी.
तिच्या आईनं, स्वालानं, चिठ्ठीच आणून दिली:
साबणाचं पाणी नको. उडी नको. बुडी नको.
आकुरेरीचे डॉक्टर म्हणालेत, वरवर पोहू दे,
खोल जायचं नाही.

आधीची दोन वर्षं कान फुटायचे तिचे,
उशीवर पिवळे डाग,
मधल्या दिवसांत दडे.
बालवाडीतल्या बाई म्हणायच्या,
या कानानं ऐकते, त्या कानानं सोडते.
पोचतच नव्हतं काही. सोडणार काय?

नळ्या बसवल्या त्या संध्याकाळचं स्वाला सांगत होती,
कपडे बदलायच्या खोलीत, ओला मोजा हातात तसाच:
गाडीतून उतरली आणि थबकली पोरगी.
पाय उचलला, ठेवला. पुन्हा उचलला.
"आई, बर्फ बोलतो."

मला वाटलं होतं, पाण्याला घाबरेल.
घाबरली ती माझ्या शिट्टीला.
फरशीवर आपटलेल्या फळीला,
हिल्मिरच्या किंचाळण्याला,
गरम पाइपच्या घशातल्या घुरघुरीला.
कानठळ्या बसल्यासारखा चेहरा करायची
आणि दोन्ही बोटांनी बोळे आत, आणखी आत,
जुन्या घराचं दार लावून घ्यावं तसे.

मला रागवता आलं नाही.
माझा डावा कान सातव्या वर्षी गेला.
तेव्हा डॉक्टर बोटीनं यायचे, वादळ नसलं तर.
त्या हिवाळ्यात वादळ होतं.
अजूनही रात्री मी उजवा कान उशीत दाबून झोपते,
मग नवरा कितीही घोरो.
कुणाला कुठे शांतता सापडते
ते मी कशाला विचारू?

शिट्टी खुंटीला टांगली.
मूठ म्हणजे थांबा.
उघडा तळवा म्हणजे तरंगा.
दोन बोटं म्हणजे पाय मारा, ए हिल्मिर, तूसुद्धा.
सहा पोरं माझ्या हातांकडे बघायला लागली
आणि तलावावर पहिल्यांदाच
बर्फ पडल्याचा आवाज आला. म्हणजे, एयदीस म्हणाली, आला.
मी तिचा शब्द प्रमाण मानला.

मार्चमध्ये उजेड परतला.
ती पाठीवर तरंगत होती, माझा हात मानेखाली,
मग दोन बोटं,
मग मी नुसतीच जवळ.
पट्टी सरकली. एक निळा बोळा सुटला
आणि मण्यासारखा डुलत निघाला.
चिठ्ठी डोळ्यांपुढे नाचली माझ्या,
धावले, पाण्यात जितकं धावता येतं तितकं.
"एयदीस, कान! कान वर!"

तिनं डोळे उघडले नाहीत.
ओठांवर बोट ठेवलं,
मला, तिच्या शिक्षिकेला:
गप्प.
"खाली कुणीतरी ठकठक करतंय," ती म्हणाली.

पंप असेल. तिचंच काळीज असेल.
तिचं डोकं तळव्यावर उचलून धरलं,
कान टॉवेलच्या टोकानं टिपला, पट्टी बसवली,
संध्याकाळी स्वालाला फोन करून सगळं सांगितलं.
डॉक्टर म्हणाले, एवढ्यानं काही होत नाही.

मुलं गेल्यावर मी पाठीवर पडले
आणि उजवा कान पाण्यात सोडला.
बराच वेळ.

बोळा शुक्रवारी गाळणीच्या जाळीत सापडला.
धुऊन, पुसून डबीत ठेवला आहे, शिट्टीशेजारी.
अजून कुणी मागायला आलेलं नाही.